लोकांनाच हवं होतं, असं म्हणू नका

रशियाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं एकच आकडा पुढे करतात. एक म्हणतात, ऐंशी टक्के जनता सरकारच्या पाठीशी उभी आहे, राष्ट्र असावं तर असं. दुसरी म्हणतात, ऐंशी टक्के लोकांची डोकी टीव्हीने फिरवली आहेत, त्या लोकांकडून काही आशा नाही. एकांना कौतुक, दुसऱ्यांना तिरस्कार. पण आकड्यावर दोघांचाही पूर्ण विश्वास. आणि तिथून दोघंही थेट आपल्या लोकांकडे वळतात. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान लढाईच्या त्या चार दिवसांबद्दल बोलताना हेच तर्कट मी पुण्यात वारंवार ऐकलं आहे. युद्ध सुरू झालं की लोकांना जोश हवा असतो, वाहिन्यांनी तो पुरवला, मग त्यांना दोष देऊन काय उपयोग? आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य येतं, 'खेड्यापाड्यातल्या माणसाला तर टीव्ही म्हणजे वेदवाक्य.'

माझं माहेर पासलीचं. वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या वाटेवर जाताना हे गाव लागतं. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण आमच्या तोंडातून वेल्हं जात नाही. ते चार दिवस मी तिथेच होते, त्यामुळे हे वाक्य मी नुसतं ऐकून सोडणार नाही. पण आधी रशियाचं बघू, कारण सगळ्या युक्तिवादाचा पाया तो एक आकडा आहे.

लेवादा सेंटर ही मॉस्कोतली मतचाचण्या घेणारी संस्था. ती सरकारी नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रशियन सरकारने तिला 'परकीय हस्तक' ठरवून टाकलं. तिची माणसं देशभरातल्या सुमारे सोळाशे लोकांच्या घरी जाऊन समोरासमोर प्रश्न विचारतात. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्याला महिना होत असताना, रशियन सैन्याच्या कारवाईला तुमचा पाठिंबा आहे का, या प्रश्नाला ८१ टक्के लोकांनी होकार दिला. आकडा खरा आहे, आणि त्या संस्थेच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. माझं भांडण आहे ते हा आकडा हातात घेऊन निष्कर्षाला धावणाऱ्यांशी, कारण त्याच महिन्यात त्या देशात आणखी काय चाललं होतं, ते त्यांनी पाहिलेलं नाही.

१ मार्चला 'एको मॉस्क्वी' हे १९९० पासूनचं नभोवाणी केंद्र बंद पाडण्यात आलं. ३ मार्चला 'दोझ्द' वाहिनीने प्रक्षेपण थांबवलं. ४ मार्चला कायदा झाला: सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत कैद, आणि माहिती खोटी की खरी हे सरकार ठरवणार. त्याच दिवशी फेसबुक बंद झालं, दहा दिवसांनी इन्स्टाग्राम. २८ मार्चला 'नोवाया गझेता'ने छपाई थांबवली. त्याचे संपादक दिमित्री मुरातोव्ह यांना आदल्याच ऑक्टोबरात नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झालं होतं. मधे १४ मार्चला सरकारी वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्या चालू असताना त्याच वाहिनीत काम करणारी मारिना ओव्स्यानिकोवा निवेदिकेच्या मागे फलक घेऊन उभी राहिली आणि पकडली गेली. पुढे जुलैत मॉस्कोतल्या एका प्रभागाचे निवडून आलेले सदस्य अलेक्सेई गोरिनोव्ह यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा गुन्हा एवढाच होता की, मुलांच्या चित्रकला स्पर्धेवर सभागृहात चर्चा चालू असताना ते उठून म्हणाले, युक्रेनमध्ये मुलं मरत असताना इथे स्पर्धा कसली भरवता?

अशा महिन्यात अनोळखी माणूस दारात येतो, हातात कागद असतो, आणि विचारतो की सैन्याच्या कारवाईला तुमचा पाठिंबा आहे ना? दार उघडणारा जे उत्तर देतो ते 'मत' म्हणून नोंदलं जातं. त्या उत्तरात किती विश्वास असतो, किती सावधपणा, आणि किती 'बाबा, एकदाचा जा' असतं, हे टक्केवारीत दिसत नाही.

आता मला कुणी म्हणेल, म्हणजे सगळे रशियन मनातून युद्धाच्या विरोधात आहेत असं तुमचं म्हणणं! मुळीच नाही. तसं म्हणणं ही दुसरी थाप होईल. मनापासून पाठिंबा देणारी माणसं तिथे भरपूर आहेत, आणि युक्रेनियन माणसांनी त्याची किंमत जिवाने मोजली आहे. मला दाखवायचं आहे ते वेगळं. २१ सप्टेंबर २०२२ ला पुतिन यांनी राखीव सैनिकांची अंशतः भरती जाहीर केली, तीन लाखांची. मग घराघरांतून पोरं जायला लागली. ऑक्टोबरच्या चाचणीत सैन्याला पाठिंबा देणारे सत्तर टक्क्यांच्या वरच होते. पण त्याच चाचणीत, लढाई चालू ठेवावी की वाटाघाटी सुरू कराव्यात, असं विचारल्यावर अर्ध्याहून जास्त लोक वाटाघाटी म्हणाले. म्हणजे आधीच्या प्रश्नाला होकार देणारी पुष्कळ माणसं पुढच्याच प्रश्नाला 'थांबवा' म्हणत होती. त्यांना दुटप्पी म्हणायचं कारण नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सैन्यातल्या पोरांकडे आणि सरकारकडे बघून दिलं, दुसऱ्याचं आपल्या घराकडे बघून. कौतुकवाल्यांनी पहिला आकडा घेतला, तिरस्कारवाल्यांनीही पहिलाच घेतला. दुसरा दोघांच्याही कामाचा नव्हता, म्हणून तो आपल्यापर्यंत आलाच नाही.

आणि टीव्हीने डोकी फिरवली म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. देशातली प्रत्येक मोठी वाहिनी सरकारच्या हातात होती. करमणुकीचे कार्यक्रम काढून टाकून दिवसभर युद्धावरच्या चर्चा लावल्या गेल्या. तरी युद्धाच्या बातम्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या महिन्यांनंतर उतरत गेलं. म्हातारी माणसं टीव्हीपुढे राहिली, तरुण टेलिग्रामकडे वळले, आणि खूप जणांनी बघणंच सोडलं. टीव्हीची जादू एवढी जबर असती, तर पंधरा वर्षांच्या तुरुंगाचा कायदा कशाला लागला असता? सेंट पीटर्सबर्गमध्ये साशा स्कोचिलेंको या चित्रकर्तीने एका दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून तिथे युद्धविरोधी मजकूर लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या, तर तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये सात वर्षांची शिक्षा सुनावली गेली. प्रेक्षकांवर एवढा भरवसा असलेलं सरकार पाच चिठ्ठ्यांना घाबरलं नसतं.

आता आपल्याकडे येते.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना ठार मारलं गेलं. त्यात महाराष्ट्रातले सहा होते: डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचा एक. तो संताप कुणी तयार केलेला नव्हता, पुण्यात तर तो घराघरांत होता. ६ मेच्या रात्री 'ऑपरेशन सिंदूर' झालं, नऊ ठिकाणांवर मारा झाला. इथपर्यंत जे घडलं ते घडलेलं होतं आणि सांगण्यासारखं होतं. ८ मेच्या रात्री मात्र दुसरंच काही सुरू झालं.

गुरुवार होता. राब भाजून झाले होते, मुंबईची माणसं सुट्टीला आली होती, आणि माझ्या चुलत्यांच्या ओटीवर फ्री डिशचा टीव्ही लावून आठ-दहा जण बसले होते. जम्मूवर ड्रोन आल्याची बातमी आली आणि निवेदकांचे आवाज चढले. मागे हवाई हल्ल्याचा भोंगा लावलेला, तो थांबतच नव्हता. मग कराची बंदर उद्ध्वस्त झालं. मग पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक झाली. मग इस्लामाबादेत फौजा शिरल्या. हिंदी वाहिन्यांवरून ही विधानं मराठी वाहिन्यांच्या पट्ट्यांवर उतरली, तीच्या तीच, फक्त क्रियापदं बदलून. यातलं काहीही घडलेलं नव्हतं.

शेजारच्या आक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचा धाकटा सैन्यात, नेमणूक जम्मूच्या बाजूला. त्या घरात फोनला रेंज नाही, वरच्या बांधावर उभं राहिलं तर दोन काड्या येतात. थोरला तिथे अंधारात उभा राहून तासाभरापासून फोन लावत होता. आक्का म्हणाल्या, "बंद करा रं ते. भोंगा वाजला की माझा जीव ऱ्हात न्हाई." माझ्या चुलतभावाने सांगितलं, "आक्के, कराची घेतली आपण." त्यांनी टीव्हीकडे बघितलंही नाही. "घेऊ दे. दादाचा फोन लागला का त्ये इचार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरकारची पत्रकार परिषद लागली. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी, विंग कमांडर व्योमिका सिंह. आदल्या रात्री ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोन आले, एवढं आणि याच मापात ते बोलले. आवाज चढवला नाही, भोंगा नव्हता. ओटीवर तीच माणसं होती, आणि आदल्या रात्रीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर चुलते म्हणाले, "कराचीचं काय बोलली न्हाई ती बाई. घेतली आसती तर पयलं तेच सांगितलं आसतं." ११ मेला व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी स्वतः सांगितलं की नौदल कराचीसह ठरलेल्या ठिकाणांवर मारा करायला सज्ज होतं, वेळ आपण ठरवणार होतो. सज्ज होतं, म्हणजे मारा झालेला नव्हता. चुलत्यांना ते दोन दिवस आधीच कळलं होतं.

मी गावाचे गोडवे गात नाही. त्याच ओटीवरच्या दोन पोरांनी बॉम्बफेकीची एक चित्रफीत खरी मानून पंधरा गटांवर पाठवली होती. त्या रात्री फिरलेल्या अशा बऱ्याच चित्रफिती 'आर्मा ३' नावाच्या संगणकावरच्या खेळातल्या निघाल्या. पोरं फसली, पुण्यातली शिकलेली माणसंही फसली, दिल्लीतले संपादकही फसले किंवा फसल्यासारखं वागले. पण खेड्यातला माणूस टीव्हीला वेदवाक्य मानतो, हे मात्र खरं नाही. ज्याच्या घरचं कुणी सरहद्दीवर आहे त्याला एका फोनची किंमत टीव्हीच्या शंभर पट्ट्यांपेक्षा जास्त असते. ज्याच्या घरचं कुणी नाही, तो ज्याच्या घरचं आहे त्याला विचारतो. बातमी तपासण्याची ही रीत कुठल्याही वार्ताहराला लाज वाटायला लावेल अशी आहे, कारण ती रात्री अकरा वाजता, दोन काड्यांच्या रेंजवर पाळली जात होती, आणि ज्यांच्याकडे दिल्लीत लष्कराचे प्रवक्ते हाकेच्या अंतरावर होते त्यांनी ती पाळली नाही.

'लोकांना हवं तेच दिलं' याला आधार म्हणून टीआरपी दाखवला जातो. तो आधारही तपासू. देशातल्या कोट्यवधी घरांची आवड पन्नास-साठ हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून मोजली जाते. त्या मोजणीतल्या गैरव्यवहाराबद्दल मुंबई पोलिसांनीच ऑक्टोबर २०२० मध्ये गुन्हा दाखल केला होता. पुढे सरकार बदललं, खटला मागे घेतला गेला, त्यामुळे कुणाला दोषी म्हणायचा अधिकार मला नाही. पण त्या प्रकरणानंतर बार्क या मोजणाऱ्या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे वाहिनीवार आकडे जाहीर करणंच थांबवलं आणि ते मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले, हे नोंदीत आहे. जवळपास दीड वर्ष लोकांना कुठली वृत्तवाहिनी हवी हे कुणालाच मोजून ठाऊक नव्हतं, तरी आरडाओरडा तसाच चालू होता. मग तो कुणाच्या मागणीवरून चालू होता?

आणि यंत्र अगदी चोख आहे असं धरलं तरी ते काय मोजतं? टीव्ही किती मिनिटं चालू होता, एवढंच. आक्कांच्या समोरचा टीव्हीही त्या रात्री चालूच होता. भीतीने बघणं, काळजीने बघणं, उबग येऊनही दुसरं काही नाही म्हणून बघणं, हे सगळं त्या मोजणीत आवड म्हणून जमा होतं. रस्त्यात अपघात झाला तर माणसं थांबून बघतात, म्हणून अपघात ही लोकांची मागणी ठरत नाही.

यापुढचा बचाव जरा उंच स्वरातला असतो: देश लढत असताना मनोधैर्य टिकवायचं असतं, थोडं इकडचं तिकडे झालं तर चालतं, प्रश्न नंतर विचारा. याला मी सर्वांत जास्त विरोध करते, कारण या वाक्यात देशाचं नाव घेतलं जातं.

लष्कराच्या हालचाली गुप्त राहायला हव्यात, याबद्दल वाद नाही. २६ एप्रिललाच माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना कळवलं होतं की संरक्षण कारवाईचं थेट चित्रण करू नका, आणि त्यात कारगिल, कंदाहारचं अपहरण आणि मुंबईवरचा २६/११ चा हल्ला यांची आठवण करून दिली होती. मुंबईची आठवण तर आपल्याला कुणी करून द्यायला नको. नरिमन हाउसवर कमांडो उतरतानाचं थेट चित्रण तेव्हा घराघरांत दिसत होतं, आणि ते सीमेपलीकडून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांनाही दिसत होतं. कसाबच्या खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की अशा चित्रणाने वाहिन्यांनी देशहित साधलं नाही, स्वतःचं व्यापारी हित साधलं. म्हणजे गुप्त ठेवायचं ते यांनी २००८ मध्ये दाखवलं, आणि घडलंच नाही ते २०२५ मध्ये दाखवलं. दोन्ही वेळा तोंडी नाव देशाचं. ८ मेचा तो भोंगा तरी बघा: नागरी संरक्षण खात्याला १० मेला वाहिन्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, नाहीतर खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक तो मनावर घेणार नाहीत. मनोधैर्य राखणाऱ्यांना ही समज सरकारने द्यायची वेळ आली.

खोट्याने कुणाचं काय बिघडतं, असंही विचारलं जातं. पूँछमध्ये ७ मेच्या पाकिस्तानी तोफमाऱ्यात सामान्य माणसं मारली गेली. त्यांत एका मदरशातले शिक्षक होते. स्थानिक माणूस, शत्रूच्या तोफेने मारलेला. आपल्या काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना अतिरेकी ठरवलं, भारतीय कारवाईत मारला गेलेला म्हणून. पूँछ पोलिसांना निवेदन काढून हे खोटं आहे असं सांगावं लागलं. पुढे तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. त्या घराने माणूस गमावला त्याच दिवशी त्या माणसाची अब्रूही गमावली, आणि ती घालवणारे शत्रूच्या देशातले नव्हते. हे त्या घराला हवं होतं का? हे बघणाऱ्यांपैकी कुणी मागितलं होतं?

लढाईच्या दिवसांत वृत्तपत्रांनी गप्प बसावं की बोलावं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, आणि त्याचं उत्तरही इथेच दिलं गेलेलं आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपुराकडच्या चिमूरला जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले, आणि मग फौजेने गावावर सूड घेतला, बायकांवर अत्याचार केले. दुसरं महायुद्ध चालू होतं, जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलेलं. ब्रिटिश सरकारचं म्हणणं हेच होतं की आता प्रश्न विचारायची वेळ नाही. चौकशी नाकारली गेली. सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी उपोषणाला बसले, ते ६३ दिवस चाललं, आणि सरकारने त्या उपोषणाची बातमी छापायलाच बंदी घातली. तेव्हा संपादकांनी काय केलं? त्यांच्या परिषदेने नववर्षाच्या सरकारी मानकऱ्यांची यादी छापायला नकार दिला, सरकारी पत्रकं छापायला नकार दिला, आणि ६ जानेवारी १९४३ ला देशभरातली कित्येक वृत्तपत्रं एक दिवस बंद राहिली. सहा दिवसांत बंदी उठली आणि उपोषण सुटलं. त्याआधी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार जागा बदलत बदलत 'काँग्रेस रेडिओ' चालवत होते, १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडले जाईपर्यंत. चिमूरची हकिगत त्या रेडिओने सांगितली होती. बाईंचं वय तेव्हा बावीस. चार वर्षांची शिक्षा झाली.

त्या काळातही लोकांना जोशाची भूक होतीच. अफवा तर गावोगाव पिकत होत्या. पण त्या संपादकांनी वाचकांकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेतली नाही. छापण्याबद्दल आणि न छापण्याबद्दल आपण जबाबदार आहोत, हे त्यांना मान्य होतं, परकं सरकार डोक्यावर बसलेलं असताना.

मे २०२५ मध्ये आपल्या वाहिन्यांच्या डोक्यावर तसं कुणी बसलेलं नव्हतं, आणि इथेच रशियाशी असलेला फरक मला त्यांच्या विरुद्ध मांडायचा आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांच्या कैदेचा तसला कायदा नाही. कराची पडली म्हणा, असा कुणी हुकूम दिल्याचं ऐकिवात नाही. सरकारचे अधिकृत प्रवक्ते तर मोजूनमापून बोलत होते. ओव्स्यानिकोवाला खरं सांगायचं तर नोकरी, घर, देश सगळं पणाला लावावं लागलं. आपल्या निवेदकाला खरं सांगायला एवढंच म्हणायचं होतं, 'ही माहिती अजून पक्की झालेली नाही.' ज्यांच्यावर बळजबरी नव्हती त्यांनी खोटं सांगितलं, म्हणून त्यांचा दोष मोठा आहे.

बळजबरी झाली ती दुसऱ्यांवर. ९ मेला 'द वायर'चं संकेतस्थळ देशात बंद करण्यात आलं. त्याच सुमारास एक्सने सांगितलं की आठ हजारांवर खाती भारतात रोखायचे आदेश आपल्याला मिळाले आहेत. आणि पुण्यात अभियांत्रिकीला शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला अटक झाली. सरकारवर टीका करणारी कुणाची तरी पोस्ट तिने पुढे पाठवली होती. धमक्या यायला लागल्यावर दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली. तरी गुन्हा दाखल झाला, महाविद्यालयाने काढून टाकलं, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत ती येरवड्यात होती. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडलं, महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला, परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, आणि सरकारला सुनावलं की एका विद्यार्थिनीचं आयुष्य उद्ध्वस्त करायला निघालात का? न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांचं ते खंडपीठ होतं. रशियात स्कोचिलेंकोला असं खंडपीठ मिळालं नाही; कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हाच, ऑगस्ट २०२४ मध्ये, ती सुटली. हा फरक लहान नाही, आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

पण अटकेपासून सुटकेपर्यंतच्या त्या अठरा दिवसांचा विचार करा. देशभरातल्या वाहिन्या इस्लामाबाद जिंकल्याचं सांगत होत्या, आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. एका मुलीने एक पोस्ट पाठवून मागे घेतली, तर तुरुंग. हे शेजारपाजारच्या प्रत्येक मुलाने पाहिलं. वसतिगृहात, कट्ट्यावर, घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्यानंतर कोण काय बोललं असेल? आणि १० मेला लढाई थांबली तेव्हा तो निर्णय जाहीर करणाऱ्या विक्रम मिस्रींवर एवढी घाण फेकली गेली, त्यांच्या मुलीपर्यंत गेली, की त्यांना आपलं एक्सवरचं खातं बंद दाराआड न्यावं लागलं. दोन रात्री इस्लामाबाद पडल्याचं ऐकलेल्या माणसाला युद्धविराम हा विश्वासघात वाटला, तर तो राग कुणी पेरला होता? त्या दिवसांत कुणी पासलीच्या ओटीवर येऊन पाठिंबा आहे का विचारलं असतं, तर आक्कांनीही 'आहे' म्हटलं असतं. पोरगा तिथे उभा असताना आई दुसरं काय म्हणणार? ते उत्तर टक्केवारीत गेलं असतं, आणि पुण्यातल्या चर्चेत म्हणाले असते, बघा, खेड्यातली बाईसुद्धा!

म्हणून रशियन माणसांना मेंढरं म्हणणाऱ्यांना मी सांगते, आधी दुसरा प्रश्न विचारलात का ते बघा. रशियाचं उदाहरण देऊन आपल्याकडे एकमुखी देश मागणाऱ्यांना सांगते, तो एकमुखीपणा किती तुरुंगांच्या बळावर उभा आहे तो हिशेब आधी मांडा. आणि वाहिन्यांच्या संपादकांना माझं सांगणं अगदी साधं आहे. एका हिंदी वाहिनीने त्या दिवसांतल्या अपुऱ्या बातम्यांबद्दल पडद्यावरून क्षमा मागितली. बाकीच्यांनी पट्टी बदलली आणि पुढच्या विषयाला लागले. कराचीची बातमी तुम्हाला कुणी दिली, ती कुणाकडून पक्की करून घेतली, आणि पूँछच्या त्या शिक्षकाचा फोटो कुणाच्या सांगण्यावरून लावला, हे प्रेक्षकांना सांगा. रात्री नऊच्या बातम्यांत सांगा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, निवेदकाच्या नावासकट. ते सांगून झालं की मग लोकांना काय हवं होतं यावर बोलू.